रूळ सांधणाऱ्यांची तयारी : रेल्वे मंडळास गोव्यातून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सन्माननीय सदस्य,
रेल्वे मंडळ, रेल भवन, नवी दिल्ली.

विषय : युद्धकाळातील लोहमार्गाची दुरुस्ती व देखभाल, आणि त्या दृष्टीने गोवा–कर्नाटक सीमेवरील कुळे–कॅसलरॉक घाटाची सिद्धता.

महोदय,

आज ९ सप्टेंबर. साठ वर्षांपूर्वी, १९६५ च्या युद्धात, याच तारखेला राजस्थानात बाडमेरच्या पुढे गडरा रोडच्या परिसरात पाकिस्तानी विमानांनी केलेल्या बॉम्बहल्ल्यात रेल्वेचे १७ कर्मचारी मरण पावले. सीमेवरील सैन्याला रसद पोहोचवणारा तो एकेरी मीटरगेज मार्ग चालू ठेवणे हे त्यांचे काम होते आणि ते करत असतानाच ते गेले. तेथे त्यांचे स्मारक आहे आणि दरवर्षी या दिवशी रेल्वे कर्मचारी त्यापाशी जमतात. मला तेथे कधी जाता आले नाही. म्हणून या दिवशी दरवर्षी घरीच एक दिवा लावतो, आणि यंदा दिवा लावून झाल्यावर हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी गोव्यातील सावर्ड्याचा. रेल्वेच्या लोहमार्ग विभागात अडतीस वर्षे नोकरी केली. गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीतला कामगार, म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. माझे वडीलही घाटातल्या गँगमध्येच होते. गडरा रोडच्या त्या माणसांशी माझे नाते एवढेच की त्या काळी आमचा मार्गही मीटरगेजचाच होता, आणि ज्या पहारीने, घणाने आणि पान्याने माझे वडील पावसात घाटात रूळ सारखे करत होते, त्याच अवजारांनी ती माणसे वाळूत रूळ सारखे करत होती. त्यांची गोष्ट मी वडिलांच्या तोंडून ऐकली. ती कोणत्याही प्रशिक्षणवर्गात ऐकायला मिळाली नाही, याची खंत मला आजही आहे.

यंदा ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यात गोवाही होता. मुरगाव बंदर, वास्को आणि दाबोळी विमानतळाचा परिसर लक्षात घेता तो असणारच होता. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, जखमींना हलवण्याचा सराव झाला, आणि हे सर्व योग्यच झाले. त्या रात्री माझ्या मनात मात्र एकच विचार घोळत होता. बंदर आणि विमानतळ वाचवले, पण घाटातला एखादा पूल बसला, तर तो पुन्हा उभा कोण करणार, कशाने करणार, आणि त्यासाठी लागणारे सामान त्या जागी कोणत्या वाटेने जाणार? या प्रश्नाचे उत्तर मागण्यासाठीच हे पत्र आहे, आणि उत्तराचा जो भाग मला अनुभवाने ठाऊक आहे तो मी पुढे मांडतो.

दिल्लीतल्या नकाशावर आमचा घाट बोटभर दिसतो, म्हणून त्याविषयी आधी सांगितले पाहिजे. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज तहानंतर मुरगावपासूनचा लोहमार्ग बांधायला घेतला गेला आणि १८८८ साली तो सह्याद्रीच्या माथ्यावर कॅसलरॉकला जाऊन पोहोचला. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर जेमतेम २६ किलोमीटरांचे, पण तेवढ्यात गाडीला दर ३७ मीटरमागे एक मीटर चढावे लागते. सोनावळी, दूधसागर, करंजोळ ही मधली स्थानके जंगलात आहेत आणि तेथे अवजड वाहन जाईल असा रस्ता नाही. मालगाडीला मागून बँकर इंजिनांनी रेटावे लागते, आणि उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. बोगदे आहेत, उंच दरीपूल आहेत, कापून काढलेले उभे कातळ आहेत, आणि या सगळ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस आहे. १९९० च्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले, रूळ जड झाले, पण डोंगर तोच राहिला.

गोव्यात रेल्वेने येण्याचे दोनच मार्ग आहेत : एक हा घाट, आणि दुसरा १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे. एक बंद पडला तर दुसरा आहे, असे आपण सहज म्हणतो. २३ जुलै २०२१ रोजी काय झाले ते आठवावे. चिपळूणजवळ वाशिष्ठीला पूर आल्यामुळे कोकण रेल्वेवरची वाहतूक थांबली, म्हणून मंगळुरूहून मुंबईला निघालेली गाडी मडगावहून लोंढा–मिरज मार्गाने वळवण्यात आली, आणि तीच गाडी दूधसागर व सोनावळी यांच्या दरम्यान दरड कोसळून रुळांवरून घसरली. जीवितहानी झाली नाही हे आपले नशीब. पण उत्तरेची वाट आणि पूर्वेची वाट एकाच वेळी बंद झाल्या, आणि त्यासाठी कोणाला एकही बॉम्ब टाकावा लागला नाही. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल भरल्यामुळे कोकण रेल्वे पुन्हा थांबली, आणि पुढच्याच महिन्यात आमच्या घाटात कोळशाच्या मालगाडीचे डबे घसरले. हे शांततेतले प्रसंग आहेत. शत्रूने हेच प्रसंग हवे त्या दिवशी, हव्या त्या ठिकाणी घडवून आणायचे ठरवले, तर आपली तयारी किती आहे, हे मला विचारायचे आहे.

युद्धात लोहमार्ग कसा तुटतो आणि कसा सांधला जातो, याविषयी सर्वसाधारण समज थोडी चुकीची आहे. सपाट जमिनीवरच्या सरळ मार्गावर बॉम्ब पडला तर मोठा खड्डा पडतो, रूळ वाकतात, रुळांखालचे स्लीपर उडतात. दिसायला भयंकर दिसते. पण खडी, माती, चार नवे रूळ आणि तीस माणसे हाताशी असली की काही तासांत तेथून गाडी हळूहळू नेता येते. खरा घाव बसतो तो पुलांवर, बोगद्यांच्या तोंडांवर, स्थानकांत गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या पॉइंटवर, आणि विजेच्या मार्गावर असेल तर उपकेंद्रांवर. पूर्वीच्या काळी पाण्याच्या टाक्यांवर आणि कोळशाच्या साठ्यांवरही तो बसत असे. म्हणून युद्धकाळातली दुरुस्ती म्हणजे मुख्यतः पुलांची दुरुस्ती, आणि ती किती जलद होईल हे बॉम्ब पडल्यानंतर ठरत नाही. त्याच्या कितीतरी आधी, सामान कोठे रचून ठेवले आहे आणि ते हाताळणारी माणसे कोण आहेत, यावर ते ठरलेले असते.

अमेरिकेतील यादवी युद्धात हे पहिल्यांदा लख्खपणे दिसले. १८६२ च्या मे महिन्यात हर्मन हॉप्ट या अभियंत्याने व्हर्जिनियातील पोटोमॅक क्रीकवर सुमारे ४०० फूट लांबीचा लाकडी पूल जंगलातून तोडून आणलेल्या ओंडक्यांनी नऊ दिवसांत उभा केला, आणि तोही बहुतेक अशा सैनिकांकडून ज्यांनी पूर्वी असे काम केले नव्हते. तो पूल पाहून आलेल्या राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना त्यात घेवड्याच्या काठ्या आणि मक्याचे धांडे यांच्याशिवाय काही दिसले नाही, तरी त्यावरून भरलेल्या गाड्या जात होत्या. दोन वर्षांनी उत्तरेकडच्या जनरल शर्मनची फौज अटलांटाकडे सरकत असताना तिची सगळी भिस्त एका एकेरी मार्गावर होती. माघार घेणारे दक्षिणेचे सैन्य तो मार्ग उखडत होते. चॅटाहूची नदीवरचा ७८० फूट लांब आणि ९२ फूट उंच पूल बांधकाम पथकाने साडेचार दिवसांत पुन्हा उभा केला. त्यांना हे जमले ते अंगच्या शौर्यामुळे असे मी म्हणणार नाही. पुलांचे तयार भाग, लाकूड, रूळ आणि प्रशिक्षित माणसे फौजेच्या मागोमाग ठेवलेली होती, म्हणून ते जमले.

त्याच युद्धात दक्षिणेकडच्या राज्यांचे जे झाले ते मला अधिक बोधप्रद वाटते. त्यांच्याकडे युद्धाच्या काळात नवे रूळ जवळजवळ तयारच झाले नाहीत. मुख्य मार्ग चालू ठेवण्यासाठी त्यांनी शाखामार्ग उखडले, झिजलेले रूळ पुन्हा पुन्हा वापरले, गाड्यांचा वेग कमी कमी करत नेला, आणि शेवटी धान्य एका ठिकाणी सडत असताना दुसऱ्या ठिकाणी सैनिक उपाशी राहिले. शत्रूच्या हल्ल्यांनी जेवढे नुकसान केले त्याच्या जोडीला रोजच्या देखभालीच्या अभावाने तो लोहमार्ग खचला. युद्धकाळातील देखभाल हा दुरुस्तीइतकाच, कदाचित तिच्याहून अवघड विषय आहे. दुरुस्तीला सगळे धावतात. देखभालीसाठी मात्र रुळांवर काम करणाऱ्या ट्रॅकमनला रोज दोन तासांचा ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून मोकळा ठेवलेला मार्ग, लागतो, आणि सैन्याच्या गाड्या एकामागून एक येत असताना तो ब्लॉक द्यायला कोणीही तयार नसते.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलाद हवे म्हणून आपले कित्येक शाखामार्ग उखडले गेले. केरळातला शोरनूर–निलांबूर मार्ग १९४१ साली काढला गेला, कांगडा खोऱ्यातला नगरोटा–जोगिंदरनगर हा भाग १९४२ साली, आणि दोन्ही पुन्हा सुरू व्हायला १९५४ पर्यंतचा काळ गेला. दुसरीकडे आसामात, ब्रह्मदेशाच्या आघाडीला माल पोहोचवणारा कटिहार ते लेडो हा ८०४ मैलांचा मीटरगेज मार्ग १ मार्च १९४४ पासून अमेरिकन लष्करी रेल्वे पथकांच्या हाती दिला गेला, कारण त्या मार्गावर पडलेला बोजा त्याच्या मूळ क्षमतेच्या कितीतरी पुढे गेला होता. युद्ध संपले तेव्हा आपल्या रेल्वेच्या वाट्याला राहून गेलेल्या देखभालीचा डोंगर आला होता.

अलीकडचे उदाहरण युक्रेनचे. तेथील रेल्वेने फेब्रुवारी २०२२ नंतर लक्षावधी माणसे सुरक्षित जागी नेली आणि त्याच वेळी तुटलेले पूल, मार्ग आणि उपकेंद्रे सांधत राहिली. खेरसन हे शहर ११ नोव्हेंबर २०२२ रोजी मुक्त झाले आणि १९ नोव्हेंबरला कीव्हहून निघालेली गाडी तेथे पोहोचली. आठ दिवस. त्या आठ दिवसांत सुरुंग काढणारे पुढे आणि रूळ सांधणारे त्यांच्या मागे, असे चालले असणार हे आमच्यासारख्या माणसाला न सांगताही समजते. विजेची केंद्रे पाडली गेली तेव्हा डिझेल इंजिने जोडून गाड्या पुढे नेल्या गेल्या. कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले, त्याचा मला आनंदच आहे. पण गोव्यातल्या दोन्ही मार्गांसाठी पुरेशी डिझेल इंजिने आणि ती चालवण्याचा सराव असलेले चालक राखून ठेवावेत, ही विनंती मी याच ठिकाणी करून ठेवतो.

आता घाटाकडे परत येतो, कारण माझे खरे म्हणणे तेथले आहे.

दूधसागर आणि करंजोळ यांच्या मध्ये समजा एका पुलाचा खांब गेला. रस्ता नाही, म्हणून सामान रेल्वेनेच येणार. पण मार्ग मध्येच तुटलेला असल्यामुळे कुळ्याहून निघालेली गाडी तुटीच्या एका काठापर्यंत येईल आणि कॅसलरॉकहून उतरलेली दुसऱ्या काठापर्यंत. म्हणजे दोन्ही बाजूंनी काम करायचे असेल तर सामान, क्रेन, इंजिन आणि माणसे घाटाच्या पायथ्याशीही हवीत आणि माथ्यावरही. नाहीतर एका काठावर सगळे सामान आणि दुसऱ्या काठावर नुसती माणसे, अशी अवस्था होते. माझ्या नोकरीत एका पावसाळ्यात, दरड कोसळून भराव वाहून गेल्यावर, मी हे स्वतः अनुभवले आहे. वरच्या टोकाला ठेवलेले रिलीव्हिंग गर्डर, म्हणजे तात्पुरत्या पुलासाठीच्या पोलादी तुळया, आधीच्या उन्हाळ्यात दुसरीकडे हलवले होते आणि परत आले नव्हते. आम्ही भर पावसात ताडपत्रीखाली बसून वाट पाहिली. त्या दिवशी कोणी मेले नाही, युद्धही नव्हते, तरी ती रात्र मी विसरू शकलेलो नाही.

जे वाचक रेल्वेचे नाहीत त्यांच्यासाठी हे गर्डर प्रकरण थोडे उलगडतो. खांब किंवा भराव गेला की आधी तळाशी घट्ट जागा शोधायची, तेथे लाकडी स्लीपर एका थरावर दुसरा आडवा असे चौकटीने रचत वर न्यायचे. याला आम्ही क्रिब म्हणतो. दोन क्रिबांवर पोलादी गर्डर टाकायचे, गर्डरवर रूळ बसवायचे, आणि पहिली गाडी माणसाच्या चालीने पलीकडे न्यायची. तोडके काम आहे, पण याच कामावर जगभरच्या युद्धांत फौजा पुढे गेल्या आहेत. त्यासाठी लागते लाकूड. आणि आता आपल्या मार्गावर सगळीकडे काँक्रीटचे स्लीपर आहेत, एकेकाचे वजन अडीचशे किलोंहून अधिक. शांततेत ते उत्तमच आहेत, यंत्राने बसवता येतात, वर्षानुवर्षे टिकतात. पण जेथे यंत्र पोहोचत नाही अशा दरीत पहाटे चार वाजता ते कोण उचलणार? मीटरला साठ किलो वजनाच्या रुळाचा तेरा मीटरचा तुकडा ७८० किलोंचा होतो. मीटरगेजचा हलका रूळ माझ्या वडिलांची गँग खांद्यावर नेत असे; आजचा रूळ तसा नेता येत नाही. म्हणून कुळे आणि कॅसलरॉक या दोन्ही ठिकाणी लाकडी स्लीपरांचा राखीव साठा, रिलीव्हिंग गर्डर, छोट्या लांबीचे रूळ, वेल्डिंगची वाट न पाहता रूळ जोडता येतील अशा जॉगल फिशप्लेट, हाताने ओढण्याच्या ट्रॉल्या, चेन पुली आणि घाटातल्या वळणांना साजेसे वाकवलेले रूळ कायम ठेवावेत. तो साठा इतर कामांसाठी उचलता येणार नाही असा आदेश मंडळाच्या पातळीवरून निघावा. स्थानिक अधिकाऱ्यावर हे सोपवून चालणार नाही, कारण त्याच्यावर रोजच्या कामाचा दाब इतका असतो की तो नाइलाजाने राखीव सामानाला हात लावतो. मीही लावला आहे.

सामानापेक्षा मोठा प्रश्न माणसांचा आहे. घाटात पावसाळ्यात रात्री गस्त घालणारा पेट्रोलमन हातात दिवा, कमरेला फटाक्यांची डबी, शिट्टी आणि झेंडे घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. गाडीला धोक्याचा इशारा देण्यासाठी रुळावर बांधायचा जो डिटोनेटर, त्यालाच आमच्याकडे फटाका म्हणतात. कातळातून झिरपणारे स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले की वर काहीतरी सुटले आहे, हे त्याला कळते. कोणत्या वळणावर कोणता ओहोळ रुळाखालच्या कोणत्या मोरीतून जातो आणि ती मोरी तुंबली की पाणी कोठे फुटते, हे त्याला पाठ असते. हे ज्ञान कोणत्याही नकाशावर नाही. युद्धात हाच माणूस तुमचा पहिला टेहळ्या असतो. घातपात, रूळ धरून ठेवणारी पण सैल केलेली क्लिप, रुळाखाली उकरलेली खडी त्यालाच आधी दिसते. आणि आज तो घाटात तीन-चार वर्षे राहतो न राहतो तोच बदलीचा अर्ज करतो, कारण तेथे शाळा नाही, दवाखाना नाही, घरच्यांना ठेवता येत नाही. त्याला मी दोष देत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी मीही कुटुंब सावर्ड्यालाच ठेवले होते. घाटातल्या ट्रॅकमनच्या कुटुंबांना कुळे किंवा मडगाव येथे घर द्यावे, घाटातील वर्षांसाठी वेगळा भत्ता द्यावा, आणि जो दहा वर्षे घाटात टिकला त्याच्या अनुभवाची लेखी नोंद घ्यावी. ती नोंद त्याच्या बोलीतच घ्यावी, मग ती कन्नड असो, तेलुगू असो, कोंकणी असो वा मराठी, आणि मागाहून अधिकाऱ्याने ती नीट लिहून काढावी.

माझे वडील १९६२ ची एक आठवण सांगत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर भारताने गोव्याची नाकेबंदी आवळली आणि कॅसलरॉकवरून येणारी गाडी थांबली. मुक्तीनंतरच ती पुन्हा सुरू झाली. डिसेंबर १९६१ मध्ये माघार घेताना पोर्तुगीज फौजेने बोरी आणि बाणस्तारीचे पूल उडवले, ते गोवेकरांच्या आठवणीत आजही आहेत, कारण तो धमाका सगळ्यांनी ऐकला. पण घाटात जे सहा पावसाळ्यांनी केले त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. वडील सांगत की मार्ग पुन्हा चालू करताना त्यांनी पहिल्या दिवसापासून रूळ नव्हे, गटारे साफ केली. मोऱ्यांत मुळे वाढली होती, भरावांत पाणी मुरले होते, स्लीपर हाताने चुरता येत होते. बॉम्ब एका जागी पडतो आणि डोळ्यांना दिसतो, तुंबलेले गटार सगळ्या डोंगराला पोखरते आणि दिसत नाही, असे ते म्हणत. युद्धाच्या काळात अधिकाऱ्यांचे सगळे लक्ष गाड्या पुढे काढण्याकडे लागते, तेव्हा गटारे साफ करणाऱ्या गँगला दुसऱ्या कामाला लावण्याचा मोह होतो. तो आवरण्यासाठी नियम आधीच लिहून ठेवावा लागतो.

आता प्रादेशिक सेनेच्या, म्हणजे नोकरी सांभाळून गरजेला सैन्यात सेवा देणाऱ्यांच्या, रेल्वे तुकड्यांविषयी. १९४९ मध्ये त्या उभ्या राहिल्या आणि १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत त्यांनी सेवा दिली. १९७१ मध्ये राजस्थान सीमेवरचे मुनाबाव आणि पाकिस्तानातले खोखरापार यांच्यामधला १९६५ पासून तुटलेला दुवा जोडून सैन्यामागे सिंधच्या वाळवंटात गाडी नेली गेली, ते काम रेल्वेतून आलेल्या याच माणसांनी केले. त्याच वर्षी पूर्वेकडे, आजच्या बांगलादेशात, पद्मा नदीवरच्या हार्डिंग पुलाचा एक गाळा कोसळला होता. आपल्या रेल्वेच्या अभियंत्यांच्या साहाय्याने १९७२ मध्ये त्यावरून पुन्हा गाड्या जाऊ लागल्या. २०२१ साली झाशी, कोटा, आद्रा, चंदीगड आणि सिकंदराबाद येथील रेजिमेंट बरखास्त करण्याचा निर्णय झाला आणि सिलिगुडी पट्ट्यातून जाणाऱ्या मार्गासाठी एकट्या जमालपूरची तुकडी ठेवली गेली. त्या निर्णयामागे खर्चाचा आणि गरजेचा विचार झाला असेल, आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसाने तो निर्णय फिरवा म्हणणे योग्य होणार नाही. पण त्या पाच तुकड्या जे काम करू शकत होत्या, ते काम आता कोणाच्या अंगावर आहे, हे विभागवार लिहून जाहीर करावे. हुबळी विभागापुरते आणि कोकण रेल्वेपुरते तरी मला ते वाचायला आवडेल. माझे स्वतःचे मत असे की प्रत्येक विभागात साठ-सत्तर ट्रॅकमन, फिटर, वेल्डर आणि चालक यांचे एक पथक निवडावे, त्यांना वर्षातून पंधरा दिवस लष्कराच्या अभियंत्यांबरोबर सराव द्यावा, न फुटलेला बॉम्ब कसा ओळखायचा आणि त्याला हात का लावायचा नाही हे शिकवावे, आणि दुरुस्तीला आलेल्या टोळीवर दुसरा हल्ला होतो तेव्हा आडोसा कसा घ्यायचा हेही शिकवावे. दुरुस्तीची टोळी रुळांवर एका जागी जमते, म्हणून विमानाला ती दुरून दिसते.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगून ठेवतो, म्हणजे या पत्राचा भलता वापर होणार नाही. युद्धाची तयारी हवी, म्हणून मोलेच्या जंगलातून घाटाचे दुपदरीकरण करा, असे मी म्हणत नाही. त्या प्रकल्पाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द ठरवली, आणि एक ट्रॅकमन म्हणून मला वाटते की संकटातला उपाय म्हणूनही ते चुकीचे होते. त्याच उतारावर, पहिल्या मार्गाला लागून टाकलेला दुसरा मार्ग एकाच दरडीखाली, एकाच बॉम्बखाली जाईल. वर नवा मार्ग कापताना सैल झालेली माती जुन्या मार्गावरच येईल. आहे तो एक मार्ग नीट सांभाळायचा, त्याची गटारे साफ ठेवायची, त्याच्या दोन्ही टोकांना सामान ठेवायचे, आणि त्याला ओळखणारी माणसे तेथे टिकवायची, एवढेच मागणे आहे. ते दुपदरीकरणाच्या खर्चाच्या फार छोट्या अंशात होईल.

हानोईमधल्या लाँग बिएन पुलाची छायाचित्रे मी पाहिली आहेत. १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकन विमानांनी तो पुन्हा पुन्हा पाडला आणि तेथील लोकांनी तो पुन्हा पुन्हा सांधला. आजही काही गाळे मूळ फ्रेंच कमानींचे आणि मधले काही साधे, ठेंगणे, वेगळ्याच गर्डरचे दिसतात. सांधणाऱ्यांनी हाताशी होते ते घातले. आमच्या घाटात तशी वेळ आली तर सांधणाऱ्यांच्या हाताशी काय असेल, हे मंडळाने आजच ठरवायचे आहे.

त्यासाठी पहिले पाऊल छोटे आणि लगेच घेता येईल असे सुचवतो. पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरमध्ये, एका रविवारी कुळे आणि कॅसलरॉक या दोन्ही टोकांना चार-चार तासांचा ब्लॉक द्यावा. सोनावळीच्या पुढे एक जागा निवडून तेथे भराव वाहून गेला आहे असे धरून चालावे, आणि दोन्ही बाजूंच्या गँगांना घंटेपासून मोजून काम करायला लावावे. क्रिब रचायला किती वेळ लागला, कोणते सामान सापडले नाही, कोणत्या ट्रॉलीचे चाक जाम होते, फोन कोठे लागला नाही, हे सगळे लिहून काढावे. त्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी मुकादमाने गडरा रोडच्या त्या १७ जणांची नावे वाचून दाखवावीत, आणि पुढे दरवर्षी ९ सप्टेंबरला ती प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात वाचली जावीत. मंडळाची अनुमती असेल तर त्या रविवारी मीही येईन. सत्तरी गाठली आहे, गर्डर उचलता येणार नाही, पण पाणी कोणत्या मोरीतून फुटते ते दाखवता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लोहमार्ग पर्यवेक्षक
सावर्डे, गोवा
९ सप्टेंबर २०२५